शेवटची पायरी कोणी झाडायची? जेरुसलेम आणि बेथलेहेममधले चार दिवस

कल्पित जग रचणाऱ्यांच्या वहीत एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन धर्म हमखास असतात. एकाचा देव सूर्य, दुसऱ्याचा अंधार. एकाचे पुजारी पांढऱ्या कफन्यांत, दुसऱ्याचे काळ्या. हजार वर्षांचं वैर, मध्ये एक भविष्यवाणी, शेवटी युद्ध. वाचणाऱ्याला दुसऱ्याच प्रकरणात जांभई येते, कारण त्या जगात देऊळ कोण झाडतं, गळणारं छप्पर कोण शाकारतं आणि रात्री कुलूप कोण लावतं हे कोणी ठरवलेलंच नसतं. खरं धार्मिक वैर याच तीन गोष्टींवर चालतं. आपल्याकडे शेताच्या बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या होतात, तसंच. ते एका छपराखाली बघायचं असेल तर जेरुसलेमचं पवित्र कबरीचं चर्च, म्हणजे चर्च ऑफ द होली सेपल्कर, याच्यासारखी दुसरी जागा नाही. ही कबर येशूची, असं ख्रिस्ती मानतात.

निघण्याआधी थोडं. भारतीय पासपोर्टला इस्रायलचा व्हिसा आधी काढावा लागतो. ऑक्टोबर 2023 नंतर या भागातली परिस्थिती सारखी बदलते आहे, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी दूतावासाच्या सूचना वाचायच्या. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस असतो आणि विमानतळावरून येणारी रेल्वे शुक्रवारी दुपारपासूनच बंद असते, तेव्हा त्या वेळेत उतरणारं विमान घ्यायचं नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, एक छोटी बॅटरी, चौकटीची वही आणि सहा रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. पेन्सिली सहाच का, ते पहिल्याच दिवशी कळतं.

दिवस पहिला: अंगण, शिडी, दार

सकाळी दमास्कस दरवाजातून जुन्या शहरात शिरायचं. तटबंदीच्या आतलं सगळं शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. खान अल-झैतच्या बाजारातून चालत चर्चच्या अंगणात पोहोचलं की लगेच आत घुसायचं नाही. पहिला दिवस बाहेरच घालवायचा, कारण या जागेचं सगळं व्याकरण दर्शनी भागावर लिहिलेलं आहे.

समोर दोन कमानी दिसतात, पण उजवी दगडांनी चिणलेली आहे. म्हणजे सहा पंथांना ये-जा करायला दार एकच. ग्रीक ऑर्थोडॉक्स, लॅटिन (म्हणजे रोमन कॅथलिक, त्यांच्या वतीने फ्रान्सिस्कन साधू) आणि आर्मेनियन हे तिघे मोठे मानकरी. कॉप्टिक (म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती), इथिओपियन आणि सिरियाक हे तिघे धाकटे. कल्पित जगात दोनच धर्म ठेवणाऱ्यांनी इथे पहिली दुरुस्ती करून घ्यावी. दोघांच्या भांडणात एक जिंकतो नाही तर दुसरा. सहा जणांत युत्या होतात, फितुरी होते, आणि दुबळे दुबळ्यांशी भांडतात.

आता चिणलेल्या कमानीच्या वर बघायचं. खिडकीखालच्या कंगोऱ्यावर एक साधी लाकडी शिडी टेकलेली आहे. 1728 च्या एका कोरीव चित्रात ती दिसते, आणि आजही तिथेच आहे. तिचा उपयोग काही नाही. ती हलत नाही याला कारण ‘स्टेटस को’ ही व्यवस्था. मराठीत तिला नेमका शब्द आहे: वहिवाट. 1757 साली उस्मानी (तुर्की) सुलतानाने कोणाच्या ताब्यात काय याची विभागणी केली. 1852 च्या फर्मानाने ती गोठवली, आणि 1878 च्या बर्लिन करारात युरोपातल्या सत्तांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. गोठवताना न्याय कोणाचा हे बघितलं गेलं नाही. त्या दिवशी जो जिथे होता तो तिथेच राहिला. शिडीसुद्धा. 1997 मध्ये कोणीतरी ती पळवली होती. काही आठवड्यांनी सापडली आणि पुन्हा त्याच जागी लागली.

कल्पित जगात तह लिहिताना लोक देवांची नावं घालतात, शपथा घालतात. घालायची असते ती तारीख. कोणत्या दिवशीची स्थिती कायम धरली? त्या दिवशी कोण बलवान होतं? आणि त्या दिवशी चुकून कोणती वस्तू कुठे राहून गेली होती?

शिडीवरून नजर खाली आणली की कमानींच्या उजव्या बाजूला एक छोटा जिना दिसतो. तो बाहेरून गोलगोथाच्या, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं त्या खडकाच्या उंचीवर, फ्रँकांच्या चॅपेलकडे (छोट्या प्रार्थनागृहाकडे) चढतो. चॅपेल लॅटिनांचं, अंगण झाडण्याचा मान ग्रीकांचा. मग सगळ्यात खालची पायरी कोणाची? ती जिन्याचा भाग की अंगणाचा? नोव्हेंबर 1901 मध्ये ही पायरी कोणी झाडायची यावरून ग्रीक आणि फ्रान्सिस्कन साधूंची अशी जुंपली की कित्येक जण जखमी झाले. कारण या वहिवाटीत झाडणं म्हणजे साफसफाई नसून ताबा. छप्पर किंवा फरशी जो दुरुस्त करतो, ती त्याची होते. खांबावर ज्याचा दिवा किंवा चित्र टांगलं, तो खांब त्याचा. म्हणून दुसऱ्याला फुकट झाडू देणं हा उदारपणा ठरत नाही, तो गाढवपणा ठरतो. वहीत अंगणाचा नकाशा काढून ती पायरी दोन रंगांत रंगवायची.

संध्याकाळी दार बंद होण्याच्या अर्धा तास आधी अंगणात परत यायचं. उन्हाळ्यात साधारण 9, हिवाळ्यात 7. चावी कोणत्याच ख्रिस्ती पंथाकडे नाही. ती जूदे या मुस्लिम घराण्याकडे असते, आणि दार उघडण्या-लावण्याचा मान नुसैबा या दुसऱ्या मुस्लिम घराण्याचा. जूदे घराण्याची परंपरा हा मान जेरुसलेम जिंकणाऱ्या सुलतान सलाहुद्दीनच्या काळापासून, म्हणजे 1187 पासून सांगते. चावी लोखंडी, वीतभराहून लांब.

क्रम असा चालतो. तिन्ही मोठ्या पंथांचे प्रतिनिधी दाराशी येतात. बाहेर शेवटचे यात्रेकरू हटवले जातात. दाराची पाखं ओढली जातात. द्वारपाल बाहेरून शिडी लावून चढतो आणि वरचं कुलूप लावतो. उतरून खालचं लावतो. मग दारातल्या छोट्या झडपेतून शिडी आत सरकवली जाते. बारकावा इथे आहे. चावी बाहेर, शिडी आत. पहाटे आतल्यांनी शिडी बाहेर दिल्याशिवाय बाहेरच्याचा हात वरच्या कुलपाला पोहोचत नाही, आणि बाहेरच्याने कुलूप काढल्याशिवाय आतल्यांना सूर्य दिसत नाही. एकट्याने कोणालाच दार उघडता येऊ नये, ही योजना एका शिडीत बसवली आहे. असं एक यंत्र जमलं तर पानभर तत्त्वज्ञान लिहायचं वाचतं.

चुकतं कुठे? लोक दारासमोर मध्यभागी उभे राहतात आणि पोलिस त्यांना मागे ढकलतात. डावीकडे, भिंतीला लागून उभं राहिलं तर झडप नीट दिसते.

दिवस दुसरा: आत

आता आत. पहाटे दार उघडतं तेव्हा गर्दी सगळ्यात कमी असते. शहराच्या घड्याळात उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 4. चर्चच्या आत मात्र बारा महिने 4 च. उन्हाळ्यात सगळा देश घड्याळ एक तास पुढे करतो, पण वहिवाटीत तशी तरतूद नाही, म्हणून इथलं घड्याळ हलत नाही. फ्रान्सिस्कनांची रोजची मिरवणूकही त्याच हिशोबाने हिवाळ्यात दुपारी 4 ला आणि उन्हाळ्यात शहराच्या 5 ला निघते. हा एक तास न धरल्यामुळे उन्हाळ्यात पुष्कळ जण ताटकळतात.

दारातून शिरल्याबरोबर उजवीकडे उंच पायऱ्यांनी गोलगोथावर चढायचं. वर दोन दालनं शेजारी शेजारी आहेत: दक्षिणेकडचं लॅटिन, उत्तरेकडचं ग्रीक. मध्ये भिंत नाही, फक्त खांब. डोकं वर करून छताची चित्रं आणि दिवे बघितले की सीमा कुठे बदलते ते समजतं. पेन्सिलीचा रंग तिथे बदलायचा.

खाली उतरून घुमटाखालच्या कबरीकडे. कबरीवरच्या छोट्या इमारतीला एडिक्युल म्हणतात. 1808 च्या आगीनंतर ग्रीकांनी 1809-10 मध्ये ती नव्याने बांधली. 1927 च्या भूकंपानंतर ती खिळखिळी झाली. दुरुस्ती कोणी करायची? जो करील त्याचा हक्क सिद्ध होईल, म्हणून कोणालाच करू दिलं गेलं नाही. शेवटी 1947 मध्ये ब्रिटिशांनी तिला लोखंडी तुळयांचा पिंजरा घालून आवळलं, आणि तो ‘तात्पुरता’ आधार सत्तर वर्षं राहिला. फेब्रुवारी 2015 मध्ये पोलिसांनी धोकादायक म्हणून कबर काही तास बंद केली, तेव्हा कुठे तिघे टेबलाशी बसले. अथेन्सच्या तांत्रिक विद्यापीठाच्या चमूने काम केलं, ऑक्टोबर 2016 मध्ये कबरीवरची संगमरवरी शिळा शतकांनंतर सरकवली गेली, आणि मार्च 2017 मध्ये काम पुरं होऊन पिंजरा निघाला. भांडणामुळे वास्तू कशी कुजते आणि पडण्याच्या भीतीने समेट कसा होतो, याचा हा नमुना. कल्पित जगातल्या समेटाला राजकन्येचं लग्न लागतंच असं नाही. इंजिनिअरचा एक वाईट अहवाल पुरतो.

आत जायला गर्दीच्या दिवशी एक ते दोन तासांची रांग. कबरीच्या खोलीत एका वेळी तीन-चार माणसं मावतात आणि काही सेकंदांत बाहेर काढलं जातं. त्या सेकंदांत दिवे मोजायचे. एकूण 43: ग्रीक, लॅटिन, आर्मेनियन यांचे तेरा तेरा, आणि कॉप्टिकांचे चार. आत एवढेच चार दिवे मिळालेल्या कॉप्टिकांनी एडिक्युलच्या पाठीला टेकून आपलं छोटं चॅपेल ठेवलं आहे. मागून जाऊन तेही बघायचं.

त्याच्याच समोर, पश्चिमेच्या भिंतीत, बॅटरीचं काम पडतं. हे सिरियाकांचं चॅपेल. भिंती काळवंडलेल्या, गिलावा उडालेला, लाकूड जळकं. दारिद्र्यामुळे असं झालं असेल असं वाटतं, पण अडचण वेगळी आहे. प्रार्थना करण्याचा हक्क सिरियाकांचा, जागा आपली असं आर्मेनियन म्हणतात. सिरियाकांनी रंग दिला तर मालकी सिद्ध होईल, म्हणून आर्मेनियन देऊ देत नाहीत. आर्मेनियनांनी दिला तर सिरियाकांचा हक्क बुडेल. सगळ्या चर्चमध्ये बघण्यासारखी हीच एक खोली आहे असं म्हटलं तरी चालेल. कबरीसमोर माणसं रडतात. इथे कोणी थांबत नाही, आणि वैर म्हणजे काय ते या ओरखड्यांच्या भिंतीवर उघडं पडलेलं असतं. आतल्या बाजूला खडकात कोरलेल्या जुन्या कबरी आहेत. वाकून जावं लागतं, डोकं सांभाळायचं.

पूर्वेकडून खाली उतरल्यावर संत हेलेनाचं आर्मेनियन चॅपेल लागतं. जिन्याच्या भिंतींवर यात्रेकरूंनी कोरलेले छोटे छोटे क्रूस बोटांनी चाचपता येतात. या चॅपेलचा घुमट लक्षात ठेवायचा, उद्या लागणार आहे.

रात्रभर आत राहायचं असेल तर फ्रान्सिस्कनांकडे आधी विचारावं लागतं. मोजक्यांनाच परवानगी मिळते. अटी कडक: पथारी टाकायची नाही, आणि पहाटेपर्यंत बाहेर पडता येत नाही. पण वैर कसं चालवलं जातं हे रात्रीच कळतं. मध्यरात्रीनंतर कबरीवर ग्रीकांची उपासना, ती आटोपली की आर्मेनियनांची, पहाटे लॅटिनांची. एकाचा धूप विरायच्या आत दुसऱ्याचे वेदीवरचे कपडे बदललेले असतात. सगळं मिनिटांवर. नाशिकच्या कुंभात वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर नहातात. मध्ये पाऊणएक तासाचा रस्ता आहे, म्हणून पर्वणी एक असली तरी वाट आडवी येत नाही. इथे कबर एकच, दुसरं त्र्यंबक नाही. म्हणून वाटणी जमिनीची न करता घड्याळाची केली आहे.

आणि घड्याळ चुकलं की मार बसतो. 9 नोव्हेंबर 2008 ला आर्मेनियनांच्या मिरवणुकीच्या वेळी एक ग्रीक साधू एडिक्युलमध्ये असावा की नसावा यावरून हाणामारी झाली आणि पोलिसांना आत यावं लागलं. 2004 मध्ये ग्रीकांची मिरवणूक जाताना फ्रान्सिस्कन चॅपेलचं दार उघडं राहिलं, तो अपमान समजला गेला. अशा मारामाऱ्यांच्या तारखा सहसा सणाच्या असतात. दोन मिरवणुका एकाच फरशीवरून जाणार असतील तो दिवस पंचांगात आधीच दिसतो. कल्पित धर्मांचं पंचांग करणाऱ्यांनी दोन कालगणना अशा ठेवाव्यात की काही वर्षांनी सण एकमेकांवर येतील. पौर्णिमेची काल्पनिक नावं शोधण्यापेक्षा ते अधिक कामाचं.

दिवस तिसरा: गच्चीवरचे धाकटे

आज अर्धा दिवस पुरतो. अंगणाच्या उजव्या कोपऱ्यातल्या लहान दारातून आत गेलं की एकावर एक दोन अंधारी चॅपेलं लागतात. वरच्यात शेबाची राणी शलमोन राजाला भेटायला आल्याचं मोठं चित्र आहे. तिथून थेट गच्चीवर. मातीच्या रंगाच्या बुटक्या खोल्या, हिरवी दारं, आणि मधोमध एक घुमट. काल खालून पाहिलेला तोच. खाली आर्मेनियनांची प्रार्थना, वर इथिओपियन साधूंचं अंगण. या मठाचं नाव दैर अस-सुलतान.

जागा इथिओपियनांची की कॉप्टिकांची, हा वाद अजून मिटलेला नाही. 1970 च्या ईस्टरला कॉप्टिक साधू खाली प्रार्थनेला गेले, आणि तेवढ्यात इथिओपियनांनी चॅपेलांच्या वाटेवरची कुलपं बदलली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये कॉप्टिकांच्या बाजूने निकाल दिला, पण सरकारने अंमलबजावणी लांबणीवर टाकली. त्यात इजिप्तशी आणि इथिओपियाशी असलेले संबंधही गुंतलेले. आपला हक्क सुटू नये म्हणून कॉप्टिकांचा एक साधू गच्चीवर ठरलेल्या जागी खुर्ची टाकून बसतो. जुलै 2002 मधल्या एका तापलेल्या दिवशी त्याने खुर्ची जरा सावलीत सरकवली. इथिओपियनांनी ते अतिक्रमण धरलं. अकरा जण दवाखान्यात. लिहिणाऱ्याने हा प्रसंग मनाने रचला असता तर कोणाला पटला नसता.

इथे साधूंचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. खोल्या राहत्या आहेत. खुर्ची कुठे आहे, सावली कुठवर येते, एवढं वहीत काढलं की पुरे.

दुपारी झायन टेकडीवर. खालच्या मजल्यावर दाविदाची कबर म्हणून ज्यू प्रार्थना करतात. वरच्या मजल्यावरच्या दालनात येशूचं शेवटचं भोजन झालं असं ख्रिस्ती मानतात, आणि त्याच दालनाच्या भिंतीत मुस्लिमांचा मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा आहे, कारण सोळाव्या शतकात उस्मान्यांनी फ्रान्सिस्कनांना इथून काढून त्याची मशीद केली. पंधरा मिनिटांत बघून होतं. हरम अल-शरीफ, म्हणजे अल-अक्सा मशिदीची टेकडी आणि ज्यूंचा टेम्पल माउंट, मात्र वहीत रंगवायच्या भानगडीत पडू नये. तिथली वहिवाट आजच्या राजकारणाची जखम आहे आणि तिच्यापायी माणसं मरतात. तिथे बिगर-मुस्लिमांना ठरावीक वारी, ठरावीक वेळी आणि एकाच दरवाजाने प्रवेश मिळतो.

एवढं वैर असूनही हे पंथ एक होतात कधी? फेब्रुवारी 2018 मध्ये जेरुसलेम महापालिकेने चर्चच्या मालमत्तांवर कर लावायचं काढलं. ग्रीक, लॅटिन आणि आर्मेनियन प्रमुखांनी एकत्र येऊन चर्चचं दार तीन दिवस बंद ठेवलं. सरकारने कर थांबवला, दार उघडलं. घरपट्टीने साधलं ते बायबलने साधलं नव्हतं.

दिवस चौथा: बेथलेहेम

दमास्कस दरवाजाजवळच्या अरब बस स्थानकावरून बस मिळते. अंतर दहाएक किलोमीटरच, पण परतताना तपासणी नाका असतो, तेव्हा पासपोर्ट बरोबर हवाच. येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चचं दार जेमतेम सव्वा मीटर उंच. पाठीवरची पिशवी आधी पुढे घ्यायची, नाहीतर अडकते.

मधलं सभागृह ग्रीकांचं, उत्तरेचा बाहू आर्मेनियनांचा, लॅटिनांचं संत कॅथरिनचं चर्च शेजारी जोडलेलं. म्हणून नाताळही तीन: 25 डिसेंबर लॅटिनांचा, 7 जानेवारी ऑर्थोडॉक्सांचा, 19 जानेवारी आर्मेनियनांचा. पहिल्या दोन नाताळांच्या मधल्या दिवसांत मोठी झाडलोट होते, आणि धोका तेव्हाच. 28 डिसेंबर 2011 ला ग्रीक आणि आर्मेनियन साधूंनी झाडू घेऊनच एकमेकांना बडवलं. पॅलेस्टिनी पोलिसांनी सोडवलं. छपराची गोष्ट कबरीसारखीच. एकोणिसाव्या शतकात ग्रीकांनी शाकारल्यावर ते गळत राहिलं, आणि मोठी दुरुस्ती 2013 मध्ये सुरू झाली ती पॅलेस्टिनी प्रशासनाने मध्यस्थी केल्यावर.

येशू जिथे जन्मला असं मानतात त्या चर्चखालच्या गुहेत उतरायच्या पायऱ्या गुळगुळीत झाल्या आहेत, कठडा धरायचा. जमिनीवर चौदा टोकांची चांदीची चांदणी आहे, तिच्यावर लॅटिन अक्षरं आणि 1717 हे साल. चांदणी लॅटिनांची, तिच्यावरच्या वेदीवर उपासना करतात ते ग्रीक आणि आर्मेनियन. 1847 मध्ये चांदणी चोरीला गेली. लॅटिनांनी ग्रीकांवर आळ घेतला, त्यांच्या मागे फ्रान्स उभा राहिला आणि ऑर्थोडॉक्सांमागे रशिया. सुलतानाने पुढे तशीच दुसरी बसवून दिली, पण 1853 ला पेटलेल्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत हे भांडण मोजलं जातं. अर्थात दोन्ही सत्तांना निमित्त हवंच होतं. कल्पित जगातल्या महायुद्धाला कारण शोधताना हे उलटं धरावं: आधी सत्तांना निमित्ताची गरज, मग कोणाची तरी चांदणी.

चांदणीभोवती पंधरा दिवे आहेत. सहा ग्रीकांचे, पाच आर्मेनियनांचे, चार लॅटिनांचे. गुडघ्यावर वाकल्याशिवाय ते नीट मोजता येत नाहीत आणि मागे रांग असते, म्हणून वर्तुळ आधीच वहीत काढून ठेवायचं आणि आत फक्त रंग भरायचे. सोळावा दिवा लावायला जागा शिल्लक आहे का, तेवढं बाहेर पडण्याआधी एकदा बघून घ्यायचं. परतीच्या नाक्यावर संध्याकाळी रांग वाढते, तेव्हा चारच्या आत बस पकडलेली बरी.